बुटावरचे शब्द

२०२३ च्या डिसेंबरात पर्थला ऑस्ट्रेलिया-पाकिस्तान कसोटी होती. सामन्याच्या दोन दिवस आधी उस्मान ख्वाजा सरावाला आला, तेव्हा त्याच्या बुटांवर हाताने लिहिलेली दोन वाक्ये होती. सगळ्या जिवांचे मोल सारखे, आणि स्वातंत्र्य हा माणसाचा हक्क आहे, एवढाच त्यांचा अर्थ. गाझाचे नाव कुठेही नव्हते. अक्षरे मात्र लाल, हिरव्या, काळ्या रंगांत होती आणि न लिहिलेले नाव सर्वांना वाचता आले.

राजकीय, धार्मिक किंवा वांशिक विषयाचा संदेश परवानगीशिवाय मैदानावर आणायचा नाही, असा आयसीसीचा नियम आहे. ख्वाजाने शब्दांवर पट्टी चिकटवली आणि दंडाला काळी फीत बांधली. ही वैयक्तिक दुःखाची फीत, असे त्याने सांगितले. तरी ताकीद मिळालीच. मेलबर्नच्या कसोटीआधी त्याने जैतुनाची फांदी धरलेल्या कबुतराचे छोटे चित्र लावायचे ठरवले, सोबत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमाचा उल्लेख. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाची हरकत नव्हती, आयसीसीची होती. शेवटी आयशा आणि आयला या आपल्या दोन मुलींची नावे बुटांवर लिहून तो खेळायला उतरला.

आता त्याच संघातला मार्नस लाबुशेन बघा. त्याच्या बॅटवर गरुड असतो, तो बायबलमधल्या एका वचनाची खूण. दक्षिण आफ्रिकेच्या केशव महाराजच्या बॅटवर ओम असतो. आमची या दोघांबद्दल काही तक्रार नाही. श्रद्धा माणसाला बळ देते, ते त्यांनी जवळ ठेवावे. पण गरुड चालतो तर कबुतर का नाही, हा प्रश्न खुद्द कर्णधार पॅट कमिन्सलाही पडला. आपल्याला या दोन्हींत काही फरक दिसत नाही, असे तो पत्रकारांसमोर म्हणाला.

२०२० मध्ये इंग्लंड आणि वेस्ट इंडीजच्या खेळाडूंनी कॉलरवर कृष्णवर्णीयांच्या जिवाचे मोल सांगणारी घोषणा लावली, मैदानात गुडघा टेकला. आयसीसीने परवानगी दिली आणि फार योग्य केले. २०१९ मध्ये रांचीला आपल्या संघाने पुलवामाच्या जवानांसाठी लष्करी टोप्या घातल्या, तीही परवानगी मिळाली. त्याच वर्षी धोनीच्या ग्लोव्हजवरचे लष्करी चिन्ह मात्र काढायला लावले, हेही सांगितले पाहिजे. आणि २०१४ मध्ये साउदम्प्टनला मोईन अलीने गाझाबद्दलचे मनगटी पट्टे घातले, ते बंद झाले. त्याच कसोटीत इंग्लंडच्या कॉलरवर सैनिकांसाठीच्या संस्थेचे नाव होते.

मैदानावर कुणीच काही लिहायचे नाही, असा सरळ नियम असता तर आम्ही तोही मान्य केला असता. इथे सगळा खेळ परवानगीचा आहे. कोणाचे दुःख माणुसकीचे आणि कोणाचे राजकारणाचे, हे परवानगी देणारा ठरवतो. ख्वाजा इस्लामाबादला जन्मला, २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळणारा पहिला मुसलमान ठरला. तुझ्या रंगाच्या मुलाला या संघात जागा नाही, असे लहानपणी ऐकल्याचे त्याने सांगितले आहे. अशा माणसाला सगळे जीव सारखे, हे सांगण्यासाठीही अर्ज करावा लागतो. वेस्ट इंडीजचे मायकेल होल्डिंग आयसीसीच्या या दुटप्पीपणावर उघड बोलले. आपल्याकडच्या फार थोड्यांनी तोंड उघडले.

आपल्या घरांत मुलांना काय सांगितले जाते, ते वाचकांना ठाऊक आहेच. बेटा, बाहेर काही बोलू नकोस. आम्हीही सांगतो. भीतीपोटी सांगतो, आणि ती भीती खोटी आहे असे म्हणायची आमची हिंमत नाही.

त्याच आठवड्यात शाळेत पी.टी.च्या तासाला एका मुलाच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटावर बॉलपेनने उर्दूत लिहिलेले दिसले. ख्वाजाचेच वाक्य. आम्ही त्याला रांगेतून बाहेर काढले, राजकारण घरी ठेव म्हणून दरडावले आणि हातात खडू दिला, घास म्हणून. तो मुकाट्याने खाली बसला. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा पुढे आला. त्याच्या बुटावर विराटचा १८ नंबर होता, चांगला ठसठशीत. महिनाभर तरी होता; आम्ही रोज बघत होतो.

"सर, मी पण पुसू का?"

त्या पोराच्या आवाजात खोडी नव्हती. खरोखर विचारत होता. आम्हाला उत्तर सुचले नाही. दोघांनाही रांगेत जायला सांगितले. पण पहिल्याच्या बुटावर तोवर खडू घासून झाला होता.