शब्दांची पारख : बोट घसरले, की ज्ञान?

हुकूमनाम्याच्या इंग्रजी प्रतीत ‘देशपांडे’मधील ‘एन्’ गळून ‘देशपाडे’ झाले, तर दुरुस्तीच्या अर्जात काय लिहावे? ‘स्पेलिंग मिस्टेक’ नव्हे. लिहिणाऱ्यास शुद्ध रूपच ठाऊक नव्हते, असा ध्वनी त्यातून निघतो. ‘टायपिंग एरर’ म्हणजे बोट घसरले, इतकेच. ‘टायपोग्राफिकल एरर’ हा मूळचा खिळे जुळविणाऱ्याचा दोष; त्याचे ‘टायपो’ हे लघुरूप स्नेह्याच्या पत्रात शोभेल, न्यायालयात नाही. तेथे १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे १५२वे कलम स्मरावे. त्यात ‘क्लेरिकल मिस्टेक’ असा शब्दप्रयोग असून अशी चूक केव्हाही दुरुस्त करता येते. आमच्या एका स्नेह्यांनी अर्जात नुसतेच ‘मिस्टेक’ लिहिले. ती कोणाची, हे सांगण्यासाठी त्यांना आणखी एक तारीख घ्यावी लागली.