सवलत आहे, गाडी नाही

आदिवासी म्हटले की आपल्याला नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली आठवते. भोकरदन कुणाला आठवत नाही. पण आमच्या तालुक्यातही गावाच्या कडेला भिल्ल वस्ती दिसते. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे २ टक्के होते. थोडे असणे हीच त्यांची मोठी अडचण झाली आहे.

राष्ट्रपतींच्या १९८५ च्या आदेशाने राज्यातले अनुसूचित क्षेत्र ठरले. मराठवाड्यातून त्यात फक्त नांदेड जिल्ह्यातला किनवटकडचा भाग आला. जालन्यासाठीचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय छत्रपती संभाजीनगरला, आणि जमातीचा दाखला पडताळणारी समितीही तिथेच.

अर्ज आता संगणकावर भरता येतो, हे खरे. पण त्रुटी निघाली, सुनावणी लागली की जावेच लागते. समिती जुना, शक्यतो १९५० पूर्वीचा पुरावा मागते. मी आयुष्यभर शाळेत दाखले लिहिले, म्हणून सांगतो, ज्याचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत त्याने शाळेचा उतारा आणायचा कोठून? मग या कचेरीतून त्या कचेरीत खेपा सुरू होतात. एक खेप म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. दोन-तीन खेपांनंतर बाप म्हणतो, राहू द्या आता. आणि पोराचा राखीव जागेवरचा प्रवेश तिथेच संपतो.

एसटीने सवलती भरपूर दिल्या आहेत. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट, मुलींना शाळेचा मोफत पास. ज्येष्ठांची सवलत मीही घेतो. पण मंडळी, सवलत गाडीत बसल्यावर मिळते. वस्ती डांबरी रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत असली की पायी या, नाहीतर जीपवाल्याला पूर्ण भाडे द्या. ज्याची गरज जास्त, त्यालाच पूर्ण भाडे, असा हा उलटा न्याय आहे.

थोड्या माणसांसाठी गाडी परवडत नाही, असे उत्तर मिळते. मान्य. मग कचेरीने यावे. महिन्यातून एकदा, आठवडी बाजाराच्या दिवशी, प्रकल्प कार्यालयाचा आणि समितीचा माणूस भोकरदनला तहसीलमध्ये बसावा. बाजाराला लोक येतातच, वाहनेही मिळतात. कोणत्या पोरांचे दाखले अडले आहेत त्याची यादी शाळा देतील. तारीख मात्र ठरलेली हवी, आणि ती पाळली जावी.

जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. तो भोकरदनवरून जाणार आहे. आनंद आहे. पण वस्तीपासून स्टेशनपर्यंत कशाने यायचे, हा प्रश्न तेव्हाही राहीलच. रेल्वेला वर्षे लागतील. तारीख ठरवून एक माणूस पाठवायला एक आदेश पुरेसा आहे.