अधोभागाचा बंदोबस्त

लग्नाच्या पंगतीत दरवाज्यालगतचेच पान धरणारा, नाटकाला कडेची खुर्ची मागून घेणारा आणि एस.टी.चा प्रवास असला म्हणजे सकाळपासून पाण्याचा घोटही न घेणारा साठीपलीकडचा गृहस्थ आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. परंतु हा सारा बंदोबस्त कशासाठी, हे पुष्कळदा त्याच्या पत्नीलाही ठाऊक नसते. मधुमेहाची कैफियत चारचौघांत काहीशा दिमाखाने मांडणारा पुरुष लघवी ठिबकण्याची तक्रार मात्र वैद्यापुढेही रुजू करीत नाही.

मीही केली नाही. कर्करोगामुळे पौरुषग्रंथी, म्हणजे आताच्या बोलीतील प्रोस्टेट, काढली की मूत्राशयाच्या तोंडाशी असणारा आतला अडसर दुबळा होतो आणि रोखून धरण्याचा भार बाहेरच्या स्नायूंवर येऊन पडतो, हे ज्ञान मला शस्त्रक्रियेनंतर लावलेली लघवीची नळी निघाल्यावर ओल्या लेंग्याने दिले. इस्पितळातून मिळालेल्या कागदावर गोळ्यांच्या वेळा होत्या, पथ्य होते, टाक्यांची निगा होती. या स्नायूंचा उल्लेख नव्हता. पुढे महिन्याभराने, माझ्या नातीच्या वयाच्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीने कसलाही आडपडदा न ठेवता विचारले, "आजोबा, चारचौघांत वारा सरायला आला की कसं आवळून धरता? तेवढंच करायचं. पोट नाही, मांड्या नाहीत, आणि श्वास तर मुळीच कोंडायचा नाही." पाच अंक मोजेपर्यंत आवळायचे, तितकाच वेळ सैल सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि लघवी करताना धार तोडून सराव करायचा नाही, ही वर ताकीद. पहिल्या दिवशी माझ्या भुवया तेवढ्या वर गेल्या.

आर्नल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 साली हा व्यायाम बाळंतिणींसाठी मांडला, म्हणून तो बायकांचा ठरला. वस्तुतः टाचेने शिवणीचा भाग दाबून गुदाचे आकुंचन करण्याचा मूलबंध हठयोगप्रदीपिकेने कित्येक शतकांपूर्वी सांगितला आहे. तेथे हेतू अपानवायू वर ओढण्याचा होता, माझा अधिक ऐहिक आहे, इतकेच.

हा रामबाण उपाय आहे, असे मी म्हणत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, तज्ज्ञाने समोर बसवून शिकविलेल्यांची स्थिती वर्षाअखेरीस इतरांहून सरस आढळली नाही. शिवाय ज्यांचे हे स्नायू मुळातच ताठर असतात व ओटीपोट दुखते, त्यांना आवळण्यापेक्षा सैल सोडण्याचेच शिक्षण हवे असते. आणि लघवीतून रक्त जात असेल किंवा ती तुंबत असेल, तर व्यायामाच्या भरवशावर दिरंगाई न करता डॉक्टर गाठावा. पण उपाय किती गुणकारी हा प्रश्न निराळा आणि तो रुग्णाच्या कानावर घालण्याचे कर्तव्य निराळे. नळी निघाल्यावर काही काळ कपडे ओले होतील आणि हे स्नायू असे चालवावेत, एवढ्या दोन ओळी त्या कागदावर हव्यात. त्याही शस्त्रक्रियेपूर्वी, आणि शक्य तर पत्नीच्या देखत वाचून दाखविलेल्या.