नमुना सात, नमुना बारा

आईच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. दोन हजार जमा. तिनं चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "मावशीला फोन लाव. बियाण्याच्या वक्ताला आले बघ."

मावशी म्हणजे आमचं रान बटईनं करणारी बाई. वडील गेल्यावर वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं आणि आई माझ्याकडे लातूरला राहायला आली. गावाकडची साडेतीन एकर मावशी आणि तिचा नवरा करतात. पेरणी, कोळपणी, काढणी त्यांची. खर्च निम्मा, मालही निम्मा. किसान सन्मान निधी मात्र अख्खा आईला. वर्षाला केंद्राचे ६,००० आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,०००. मावशीच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, म्हणून तिला एक रुपयाही नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राची ही योजना सुरू झाली तेव्हा दोन हेक्टरपर्यंतच्यांनाच होती. त्याच वर्षी ती अट गेली. आयकर भरणारे, सरकारी नोकर, डॉक्टर, वकील हे सगळे नीट आठवणीनं वगळले. पण रानात प्रत्यक्ष कोण राबतं, हा प्रश्न त्या अटींमध्ये कुठंच नाही.

सातबारा मुळात दोन नमुन्यांचा कागद. सात सांगतो जमीन कुणाची, बारा सांगतो त्यात पीक कोणतं उभं आहे. सन्मान निधी पाहतो तो सात. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली आणि बाराही खातेदारानंच मोबाइलवरून भरायचा झाला. त्यामुळे मावशीनं खुरपून वाढवलेलं सोयाबीन कागदावर आईनं पेरलेलं असतं.

मावशीला बटईचा करार लिहून देऊ या, असं मी एकदा गावात थोरल्या काकांना म्हणालो. त्यांचा चेहराच उतरला. "कूळ लागलं मंजी? रान गेलंच समज." ही भीती आजची नाही. मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा कूळकायदा आहे. कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळावा म्हणून तो झाला, आणि त्याच्याच धास्तीनं आज कसणाऱ्याचं नाव कागदावर येऊ दिलं जात नाही. बटई तोंडीच राहते. याचं मला फार वाईट वाटतं, कारण काका दुष्ट नाहीत. त्यांच्या चार एकरांतलं एक गेलं तरी घर हलेल.

यातून वाट निघत नाही असं नाही. ओडिशानं आपल्या 'कालिया' योजनेत वाटेकरी आणि भूमिहीनांनाही धरलं. आंध्रनं २०१९ मध्ये कायदा करून मालक आणि कसणारा यांच्यात अकरा महिन्यांच्या कराराची सोय केली. मालकीला धक्का नाही, आणि त्या कागदावर कसणाऱ्याला कर्ज, विमा, मदत मागता येते. असा कागद आपल्याकडे आला तर काकासुद्धा अंगठा उठवतील. आई तर सहीला पेन घेऊनच बसली आहे.

२०२५ च्या सप्टेंबरातल्या पावसानं मराठवाड्यातलं सोयाबीन उभ्याउभ्या कुजलं. आमचंही गेलं. मदत आली तीही आईच्याच खात्यावर, आणि आईनं ती सगळी मावशीकडे धाडली. मावशीनं पैसे घेतले, पदराला गाठ मारली आणि फोनवर आईला म्हणाली, "वैनी, तुमी देताव. पर बँकेत कर्जाला गेले की साहेब इचारतो, बाई, सातबारा कुणाच्या नावचा? तवा म्या काय सांगू?"