वचन पाठ आहे, पुढं काय?

पंडिता रमाबाईंचा ५ एप्रिलला स्मृतिदिन. १९२२ साली त्या गेल्या, तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर नुकतंच हातावेगळं झालं होतं. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी स्वतः खिळे जुळवून ते छापलं. १९२४ साली ते बाहेर आलं. मंडळ्यांमध्ये ते फारसं रुळलं नाही, उपासनेत बायबल सोसायटीचीच आवृत्ती राहिली. तरी त्यामागची तळमळ अकोल्याच्या ख्रिस्ती माणसानं आज आठवावी अशी आहे.

रमाबाईंचं बालपण पुराणिकाच्या घरात, गावोगाव फिरण्यात गेलं. संस्कृत ग्रंथ मोठ्यानं वाचायचे. ऐकणाऱ्यांना कळो न कळो, पुण्य आणि दक्षिणा ठरलेली. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण उपासमारीनं गेली. अर्थावाचून होणारं पठण इतक्या जवळून पाहिलेली बाई पुढं बायबलकडे आली, ती आणखी एक पठण करायला नव्हे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, आणि तिथल्या मठातल्या सिस्टरांशी त्यांचे खटके उडू लागले. चर्च सांगतं म्हणून मानायचं हे त्यांना पटेना; शास्त्रात कुठं आहे ते दाखवा, असा त्यांचा हट्ट. हाच हट्टी स्वभाव १८९६-९७च्या दुष्काळात त्यांना मध्य प्रांतात घेऊन गेला आणि उपाशी मुलींना घेऊनच त्या परतल्या.

त्या काळात अकोल्यात अलायन्स मिशनचं काम करणाऱ्या जेनी फुलर यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १९०० साली निघालेल्या त्या पुस्तकाला प्रस्तावना रमाबाईंची आहे. परक्या मिशनरी नजरेचे दोष त्यात आहेतच. पण बालवधू आणि विधवा यांच्याकडे पाठ फिरवून शास्त्र वाचता येत नाही, हे या दोघींना कळलं होतं.

आपलं काय चाललंय? रोज सकाळी मोबाइलवर गुलाबाच्या चित्रासकट एक वचन येतं, आपण ‘आमेन’ लिहून ते चौघांना पाठवतो. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं आशा आणि भविष्य देणारं वचन कितीतरी घरांच्या भिंतीवर आहे. ते बाबेलात पकडून नेलेल्यांना धाडलेल्या पत्रातलं आहे. सुटकेला सत्तर वर्षं लागणार, असं तेच पत्र बजावतं, आणि तोवर घरं बांधा, मळे लावा, ज्या शहरात आहात त्याचं भलं बघा, असंही सांगतं. अख्खा अध्याय वाचणाऱ्याला नोकरीच्या मुलाखतीआधी हे वचन पुटपुटून गप्प बसता येणार नाही. अकोल्याच्या पाण्याचा आणि शाळांचा प्रश्नही मग त्याचा होतो.

अभ्यास पाळकांचा, आपण ऐकायचं, अशी एक सोयीची समजूत आहे. १९५३ साली यवतमाळात सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्याला गेली. तिच्याबरोबर अभ्यासही वऱ्हाड सोडून गेला की काय, असं कधी कधी वाटतं! पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्राचा उपयोग सांगितला आहे तो माणूस चांगल्या कामाला तयार व्हावा म्हणून. त्यात पाळक आणि मंडळी असा भेद नाही.

आणि तयार कशासाठी, हे वऱ्हाडात शोधायला लांब जावं लागत नाही. रूथची गोष्ट कापसाच्या मुलखात वाचून पाहावी. परक्या जातकुळीची विधवा दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. तो तिला उपकार म्हणून मिळत नाही. लेवीयात नियमच आहे, शेताच्या कडा कापू नका, गळलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं. शेताचा मालक बवाज तो नियम पाळतो आणि वर चार मुठी जास्त सोडायला लावतो. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरीच देवाकडे ओरडते. वेचणीला आलेल्या बाईचे पैसे पुढच्या बाजारावर ढकलणारा शेतमालक दर रविवारी पुढच्या बाकावर बसत असेल, तर हे पत्र त्याच्या मंडळीत वाचलं गेलं आहे का, हे विचारायलाच हवं.

मे महिन्यात सुट्टीची बायबल शाळा भरेल. वचनं पाठ करून घेतली जातील, बक्षिसं वाटली जातील, चांगलंच आहे. यंदा एका दुपारी मोठ्यांनीही मुलांसोबत बसावं, रूथचे चारही अध्याय सलग वाचावेत आणि मुलांना हवं ते विचारू द्यावं.