बाहेरची हार्ड डिस्क फोटोशॉपला लावावी का?



12 जानेवारीची जिजाऊ जयंती, मग 26 जानेवारी, मग स्नेहसंमेलन, उन्हाळ्यात पटनोंदणी. शाळेत वर्षभर बॅनर लागतात, आणि ते तयार करायचं काम बहुतेक शाळांत एकाच सरांच्या किंवा मॅडमच्या गळ्यात पडलेलं असतं. शाळेचा जुना संगणक, 4 जीबी रॅम, सी ड्राइव्ह लालेलाल. बॅनर अर्ध्यावर आला की फोटोशॉप म्हणतं, स्क्रॅच डिस्क भरली. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तर पाच मिनिटांत सल्ला येतो: "एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घ्या सर, स्क्रॅच तिच्यावर द्या, टेन्शन खतम."

हा सल्ला मला पटत नाही. साधी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क या कामासाठी घेऊ नये, आणि शाळेचे फोटो ज्या डिस्कवर आहेत ती तर अजिबात जुंपू नये.

आधी स्क्रॅच म्हणजे काय ते बघू. फोटोवर काम चालू असताना फोटोशॉप तो रॅममध्ये मांडतं. रॅम पुरली नाही की उरलेला पसारा डिस्कवर एका तात्पुरत्या फाइलमध्ये टाकतं, लागेल तेव्हा परत उचलतं. ही ने-आण सतत चालते. काम संपवून सॉफ्टवेअर बंद केलं की ती फाइल आपोआप जाते. आपल्या शेतकरी पालकांना सांगायचं तर स्क्रॅच म्हणजे खळं, आणि फोटो साठवायची डिस्क म्हणजे कोठी. खळ्यावर जागा कमी पडली म्हणून कोणी कोठीत मळणी करत नाही.

आता खळं भरतंच का, हे बघा. इथे थोडं गणित आहे, आठवीच्या पोरांनाही देता येईल. 6 बाय 4 फुटांचा बॅनर म्हणजे 72 बाय 48 इंच. आपण नवीन फाइल उघडताना सवयीने रिझोल्यूशन 300 टाकतो. म्हणजे 21,600 गुणिले 14,400, जवळपास 31 कोटी पिक्सेल. एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर एक भरलेला लेअर सुमारे 930 एमबीचा! पार्श्वभूमी, फोटो, चौकट असे चार-पाच मोठे लेअर आणि मागे जाण्यासाठी ठेवलेल्या पायऱ्या मोजल्या की संगणक मान टाकणारच. तोच बॅनर 72 वर केला तर लेअर सुमारे 54 एमबीचा होतो. सतरा पट फरक. दहा-पंधरा फुटांवरून बघायच्या फ्लेक्सला 72 ते 100 चालतं. प्रिंटिंगवाल्याला एकदा विचारून घ्या. 300 ठेवायचं ते हातात धरून वाचायच्या पत्रिकेला. बऱ्याच शाळांचा प्रश्न इथेच सुटतो, एक रुपयाही खर्च न करता.

पण सगळ्यांचा नाही. लोणारच्या सहलीचंच उदाहरण घ्या. सरोवराच्या विवराचा व्यास साधारण 1.8 किलोमीटर. काठावर उभं राहून साध्या लेन्सच्या एका फोटोत ते सगळं मावत नाही, म्हणून दहा-पंधरा फोटो जोडून पॅनोरामा करावा लागतो. 12 मेगापिक्सेलचा एक फोटो उघडल्यावर 36 एमबी होतो. पंधरा फोटो म्हणजे 540 एमबी, आणि जोडताना त्यांच्या कितीतरी पट जागा तात्पुरती लागते. इथे स्क्रॅच मोठी आणि मुख्य म्हणजे वेगवान हवी.

वेगातच बाहेरची हार्ड डिस्क मार खाते. शाळेतल्या जुन्या संगणकांना बहुधा यूएसबी 2.0 असतं. कागदावर सेकंदाला 480 मेगाबिट, म्हणजे 60 एमबी. प्रत्यक्षात तीस-पस्तीस मिळाले तरी बरं. वरचा 930 एमबीचा एक लेअर नुसता तिकडे न्यायला जवळपास अर्धा मिनिट! निळ्या तोंडाचं यूएसबी 3.0 असेल तर केबल वेगवान होते, तबकडी मात्र तीच. सलग फाइल लिहिताना ती शंभरेक एमबी देते, पण स्क्रॅचचं काम सलग नसतं. थोडं इकडचं, थोडं तिकडचं वाचताना सुई नुसती धावत राहते. एसएसडीत तबकडीच नाही, म्हणून तिथे हा त्रास नाही.

वेगाचं एकवेळ सोडा. माझी खरी हरकत वेगळी आहे. ही डिस्क कोणाची असते? अप-डाऊन करणाऱ्या सरांची. पिशवीत, मोटारसायकलवर, चिखली-मेहकरच्या रस्त्यावर रोज हादरे खाणारी. शाळेत टेबलाच्या कडेला ठेवलेली, केबल खाली लोंबकळणारी. तबकडी फिरत असताना एखाद्या लेकराचा पाय केबलला लागला किंवा यूपीएस नसताना लाईट गेली, तर बॅनर जातोच. वर त्या क्षणी डिस्कवर लिहिणं चालू असल्याने बाकीच्या फाइलीही बिघडू शकतात. बॅनर पुन्हा होईल. पण जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा ज्या शिक्षकांनी फोटो काढून ठेवले, ते फोटो पुन्हा कुठून आणणार? निवृत्त झालेल्या गुरुजींचा निरोप समारंभ, बंद पडलेल्या शाळेची शेवटची बॅच, हे सगळं अनेकदा एकाच डिस्कवर असतं आणि दुसरी प्रत कुठेच नसते.

मग पैसे कुठे घालायचे? संयुक्त शाळा अनुदान असो की लोकवर्गणी, माझं मत असं की आधी संगणकातच एसएसडी बसवा, जमल्यास रॅम वाढवा. नव्या फोटोशॉपला किमान 8 जीबी रॅम लागतेच, त्यामुळे 4 जीबीवर कितीही डिस्का जोडल्या तरी फरक जेमतेम. संगणक वॉरंटीत आहे, उघडता येत नाही, किंवा लॅपटॉपमध्ये जागाच नाही, अशा वेळी बाहेरची एसएसडी घ्यायला माझी ना नाही. ती निळ्या पोर्टला, आखूड केबलने लावा आणि तिच्यावर स्क्रॅचशिवाय काही ठेवू नका. मुलीला डिझाइन शिकायचंय म्हणून हार्ड डिस्क घ्यायला निघालेल्या पालकांनाही हेच सांगेन: दुकानात 'एक टीबी' एवढंच विचारू नका, आत तबकडी आहे की एसएसडी ते विचारा.

सेटिंग सोपं आहे. फोटोशॉपमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, स्क्रॅच डिस्क्स इथे जाऊन ड्राइव्ह निवडा. फोटोशॉप उघडतच नसेल तर सुरू करताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा, निवडीची खिडकी येते. जिंप वापरत असाल (मोफत आहे, शाळेला तेच बरं) तर प्रेफरन्सेसमध्ये फोल्डर्सखाली स्वॅप फोल्डर बदला. लाईट जाऊन फोटोशॉप मध्येच बंद पडलं असेल तर 'फोटोशॉप टेम्प' नावाच्या फाइली तशाच पडून राहतात. सॉफ्टवेअर बंद असताना त्या शोधून काढून टाका, कधीकधी त्यांनीच अख्खा सी ड्राइव्ह अडवलेला असतो. आणि घरात तबकडीची जुनी डिस्क असेलच, तर शाळेच्या फोटोंची दुसरी प्रत तिच्यावर घेऊन ती मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवून द्या.