शिष्यत्वाचा हिशेब कोणाच्या वहीत?

छत्रपती संभाजीनगरहून रेल्वेने जालन्याकडे निघाले की वाटेत बदनापूर लागते. तिथले कृषी संशोधन केंद्र आणि तिथून निघालेले तुरीचे वाण यांमुळे हे नाव शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने या पट्ट्यात थांबावे, असे मात्र सहसा कोणी सुचवीत नाही. आम्हांस वाटते, थांबावे. कारण बदनापूर मागे टाकून पुढे गेले की जालना येते, आणि जालन्याजवळ बेथेल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर हे गाव वसवले. तिथे राहायला आले ते बहुतांशी मांग-महार समाजांतून ख्रिस्ती झालेले लोक.

ख्रिस्ती परंपरेत शिष्यत्वाला किंमत असते. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा लूकच्या शुभवर्तमानातील दाखल्याचा आशय आहे. जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर याने १९३७ साली याच विषयावर ग्रंथ लिहिला. ज्या कृपेसाठी माणसाला काहीच सोडावे लागत नाही तिला त्याने ‘स्वस्त’ ठरवले, आणि १९४५ साली नाझी राजवटीने त्याला फाशी दिले. त्याच्या बाबतीत किंमत मोजणारा आणि मार्ग निवडणारा माणूस पुष्कळ अंशी एकच होता. मराठी मुलखात हे गणित इतके सरळ राहिले नाही, असे आमचे म्हणणे आहे.

शेषाद्रींचेच उदाहरण घेऊ. १८४३ साली मुंबईत या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्याच वाटेवर होता. पण तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मोठे वादंग माजले. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांच्या रोषास पात्र झाले. निर्णय एकाचा; पण झळ बापाला, मुलाला आणि ज्याने धर्मांतर केले नाही अशा एका संपादकालाही लागली.

बाबा पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी त्यांच्याबरोबर गेली नाही. आपल्या अंतर्बाह्य प्रवासाची हकीकत त्यांनी ‘अरुणोदय’मध्ये स्वतः सांगितली, पत्नीची बाजू सांगणारे पुस्तक आपल्याकडे नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई मुलासह आप्तांकडे राहिल्या. पुढची काही वर्षे त्यांनी विरहात, सोवळ्याओवळ्याच्या आणि लोकापवादाच्या कात्रीत काढली. १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. परंतु इथे एक फरक पडला. लक्ष्मीबाईंनी लिहिले. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेली ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोद, निर्व्याज शैली आणि स्त्रीचे आत्मकथन म्हणून शिकवतो. आमच्या मते ते त्याखेरीज आणखी काही आहे: शिष्याने केलेल्या त्यागाचे बिल जिच्या हाती आले, तिने मांडलेला तो जमाखर्च आहे. टिळकांची निष्ठा त्यात लहान होत नाही, उलट माणसाच्या मापाची होते. १९१७ साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ उभारू पाहणारे टिळक खरोखरच मोठे होते. पण त्या पगारावर चालणारे घर कोणाला चालवायचे होते, हेही आपल्याला लक्ष्मीबाईंमुळेच कळते.

आता बेथेलकडे वळू. शेषाद्री, पदमनजी, टिळक यांच्या धर्मांतराला आपण ‘वैचारिक’ म्हणतो. बेथेलमधल्या लोकांच्या धर्मांतराला मात्र ‘पोटासाठी बाटले’ हा एकच शेरा पुरतो. जमीन मिळाली, आसरा मिळाला, दुष्काळात धान्य मिळाले, हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण गावगाड्यातला माणूस देवापुढे हलगी वाजवण्यास नकार देतो, तेव्हा तो केवळ एक वाद्य खाली ठेवत नाही. त्या वाजवण्याशी त्याचे बलुते, त्याचा जत्रेतला मान आणि सोयरीक जुळण्याची वाट बांधलेली असते. ज्याच्याजवळ सोडण्याजोगे थोडेच आहे, त्याने ते थोडे सोडले तर त्याग लहान कसा? हेतूची शुद्धता श्रीमंताकडे कोणी तपासत नाही. गरिबाला मात्र तिचा दाखला मागितला जातो.

शिवाय त्याची किंमत एकदाच मोजून संपली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. जात गावाने सोडली नाही, सवलत कायद्याने काढून घेतली. आजोबा-पणजोबांनी धरलेल्या वाटेचा हप्ता नातवंडे फेडीत आहेत, आणि नातवंडांना बुरुजाचा अंदाज कोणी विचारलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग निष्ठेला अर्थच उरत नाही. दुसऱ्याला झळ लागते म्हणून कोणी काही मानूच नये काय? आम्हांस तसे म्हणायचे नाही. एकट्याने मोजता येईल एवढीच किंमत असलेली निष्ठा जगात फारशी नसते. स्वातंत्र्यलढ्यातली नव्हती आणि चळवळींतलीही नसते. मात्र निष्ठावंताचा गौरव करताना त्याच्या वहीबरोबर त्याच्या घरच्यांची वहीही उघडली पाहिजे. ती नसेल, तर ती का नाही हे विचारले पाहिजे. पदमनजींच्या पत्नीची वही नाही, कारण तिला लेखणी दिली गेली नव्हती. बेथेलच्या पहिल्या पिढीबद्दल जे लिहिले गेले, ते प्रामुख्याने मिशनऱ्यांच्या अहवालांत, म्हणजे तृतीयपुरुषी आहे.

‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकवताना या दोन कोऱ्या वह्या शेजारी ठेवाव्यात, एवढीच आमची सूचना आहे. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांना तर त्यासाठी दूर जायला नको. बदनापूरच्या पुढे काही किलोमीटरवर अजून विचारता येतील अशी माणसे आहेत.